गजूचे अठ्ठेचाळीस सेकंद

२ जाने.
गजूला, माझ्या भावाला, जाऊन महिना होईल. कॉलेजात शेख सरांनी (संगणक) त्यांचा नवा उद्योग ऐकवला. गाण्याचा तुकडा घेऊन शंभरपट ताणतात. पट्टी तीच, फक्त वेळ लांबते. तारेचा एक ठोका मिनिटभर गुंजत राहतो. "आमची अम्मी म्हणाली, मिक्सर बिघडला का रे?" सगळे हसले. मी विचारलं, गजूचा बेंजो चालेल?

५ जाने.
सरांकडून सॉफ्टवेअर घेतलं. फाईल नाही दिली. भावाचा शेवटचा व्हॉइस मेसेज तो, दुसऱ्याच्या कानी नको. घरीच केलं. अठ्ठेचाळीस सेकंदांची ऐंशी मिनिटं.

९ जाने.
आजही तासाभराने बंद केलं. खरं लिही: मुद्दाम.
मेसेज आला त्या दिवशी कॉलेजात दोन तासिकांच्या मधे वीसेक सेकंद ऐकलं होतं. नवी चाल बसवली की तो पाठवत असे, तसंच समजून अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पुढचं ऐकलं ते सगळं उरकल्यावर. "अक्का, दोन दिवस झाले, छाती जड वाटून राह्यली. मंगलला सांगू नको. फोन कर."
ताणलेल्या फाईलमध्ये तो तासभर नुसता वाजवतो. अजून काही म्हणालेला नाही. मी अजून अंगठा पाठवलेला नाही.

१५ जाने.
या वर्षी संक्रांत नाही. मंगलचा फोन, केदारखेड्याहून, माहेरून. "सगळे मलाच इचारून राह्यले, बायकोला कसं कळलं न्हाई. मला खरंच काय बोलले न्हाईत हो, अक्का."
"तुझा काय दोष," म्हटलं. एवढंच.
सांगितलं तर ती सुटेल, की मी? त्याने 'नको' म्हटलंय, हे कारण फार सोयीचं.

२४ जाने.
दुपारी मंगल आली, न कळवता. फाईल चालू होती.
"हा काय भोंगा लावलाय, अक्का?"
गजूचा बेंजो, म्हटलं. हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.
"घरी तर लई घाई करायचे वाजवताना. इथं बरे निवांत झाले."
बसली. बंद करायला गेले तर माझा हात धरला, "राहू द्या." बराच वेळ तशाच बसलो. मग तारा विरल्या. श्वास आला, लांबच लांब, आणि त्यामागून घोगरं काहीतरी.
"हे तर हेच हायेत! बोलून राह्यले. काय म्हणून राह्यले, अक्का?"
चहा ठेवते म्हणून उठले. ओट्यापाशी उभ्याने लिहितेय. आत तो अजून बोलतोय. शब्द सुटे होत नाहीत. तिने दोनदा हाक मारली. दूध उतू गेलं.
गॅस बंद केला. जाते.