दुसऱ्या रांगेतली माझी जागा

प्रिय देवयानी,

खोकला कमी झाला का? पुण्यात सकाळी गार असतं, गाडीवर जाताना कान बांधत जा. इकडे सगळं ठीक आहे असंच लिहिणार होतो, पण ठीक नाही. फोनवर तू बोलायला लागलीस की मी हो हो म्हणत सुटतो, आणि फोन ठेवल्यावर आठवतं की मला नाही म्हणायचं होतं. म्हणून कागद घेतला. सातवी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, चुकलं तर सांभाळून घे.

आपलं रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं समूहगान मंडळ किती वाढलंय ते तू दिवाळीत पाहिलंसच. पूर्वी रविवारी संध्याकाळी एक सतरंजी पुरायची. आता नव्या रायपूरच्या ऑफिसांतली माणसं बायकापोरांसकट येतात. पोरं आपसांत हिंदी बोलतात आणि गातात मराठीत. मागच्यांना पेटी ऐकू येत नाही. भिलाईच्या कार्यक्रमात अर्धे जण कडवं संपवून गप्प उभे होते आणि अर्धे अजून गातच होते. लोक हसले. मला पुढे आठ दिवस जेवण गेलं नाही. आपला अध्यक्ष शेखर म्हणाला, मंडळाला आता तीन वर्षांची नीट योजना पाहिजे, तेव्हा मीच तुझं नाव सुचवलं, मीच तुझ्या मागे लागलो. तू सुट्टी घालवून ती केलीस. पडद्यावर ती दाखवली तेव्हा पहिली टाळी माझी होती.

खरं सांगू, समजली अर्धीच. नवीन लोकांसाठी वेगळा सराव, मोठी जागा, मुलांचा गट, हे सगळं पटलं. 'ज्येष्ठ सन्मान गट' ऐकून तर आम्हा म्हाताऱ्यांना वाटलं की आपल्याला पहिल्या रांगेत घेणार. वनमालाबाईंनी जरीची साडी इस्त्रीला टाकली. मग योजनेतली चाचणी आली. एकेकाने आतल्या खोलीत जाऊन शेखरच्या मोबाइलसमोर गायचं. त्यात एक काटा असतो, सूर लागला की हिरव्यात, नाही तर लालमध्ये. माझा काटा लालमधून हललाच नाही. शेखर म्हणाला, "काका, आरामात. और एक बार." दुसऱ्यांदाही तो लालमध्येच.

देवू, मी जन्मात एकटा गायलो नाही. तुझी आई गेली तेव्हा मी घरात कोणाशी बोलत नव्हतो, तुला माहीत आहे. तू नोकरीवर परत गेलीस आणि वनमालाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला मंडळात नेलं, स्वतःच्या आणि पांडुरंगच्या मध्ये उभं केलं. म्हणाल्या, "बाबारावजी, तुम्ही फक्त तोंड हलवा. आवाज मागून येईन." आला. पावसाळा सरेपर्यंत वेळ लागला, पण आला. आमच्याकडे हीच रीत आहे, नवा माणूस दोन जुन्यांच्या मध्ये. डावीकडून सूर घ्यायचा, उजवीकडून शब्द. शेखर आला तेव्हा त्याला मराठी धड येत नव्हतं. तो माझ्या आणि वनमालाबाईंच्या मध्येच उभा होता. तुझ्या योजनेत ही रीत कुठेच नाही. तुझा दोष नाही, तुला ती कोणी सांगितलीच नाही.

निकाल मंडळाच्या मोबाइल ग्रुपवर आला. लालवाले सगळे सन्मान गटात. म्हणजे कार्यक्रमात समोर खुर्चीवर बसायचं, शाल घ्यायची आणि टाळ्या वाजवायच्या. गायचं नाही. गेल्या रविवारी आमच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मी जाऊन दुसऱ्या रांगेत माझ्या जागेवर उभा राहिलो. शेखर जवळ आला. "काका, टेन्शन काहून घेऊन राहिले? तुम्ही तर आमचे मार्गदर्शक." मी काही बोलायच्या आधी वनमालाबाई खुर्चीतून उठल्या. "मार्गदर्शक म्हंजे तोंड बंद ठेवायचं का रे भैया? शाली मले घरी चार पडल्या आहेत. ही तूच घे अन् तूच बस." हशा झाला. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मग पांडुरंग, मग बाकीचे. शेखरचा चेहरा उतरला. पोरगा वाईट नाही, मंडळासाठी राबतो. पण सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, ये प्लान आपकी बेटी ने बनाया है." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "हव, माझ्याच पोरीनं बनवला. म्हणूनच त्यात काय चुकलं ते मी सांगणार." एवढं मोठ्यानं मी तुझ्या लग्नातही बोललो नव्हतो. मग आम्ही गायलो. भिलाईसारखंच झालं असेल, मला ठाऊक नाही. मी गात होतो.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. येत्या रविवारी सभा आहे आणि शेखर तुला पडद्यावर बोलावणार आहे, आम्हा म्हाताऱ्यांना समजवायला. त्याचा फोन येईल, तू हो म्हणशील, कारण तुला वाटेल की बाबांच्या मंडळाचं काम आहे. जरूर ये. तुला जे बरोबर वाटतं तेच बोल, मला बरं वाटावं म्हणून शब्द बदलू नकोस. पण तुझ्याविरुद्ध पहिला हात माझा वर असेल, हे तुला ऐनवेळी सगळ्यांसमोर कळू नये, एवढ्यासाठी आधी कळवतो आहे. मी सांगणार आहे की चाचणी काढून टाका, आणि मंडळ वाढवायचं असेल तर आम्हा जुन्यांना नव्यांच्या आजूबाजूला उभं करा. माझं वाक्य अर्धं राहील, तू मध्ये पडून ते पूर्ण करू नकोस. आणि मतदानात तुझी योजना जिंकली, तरी त्या खुर्चीवर मी बसणार नाही. तू सांगितलंस तरी नाही.

तुझाच,
न बसलेला बाबा