त्या दिवशी झाडं जेवली नाहीत

प्रिय ठिणगी,

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर समजून घे. काल दुपारी तुझ्या बाबांना मी काचघरातून फरफटत बाहेर काढलं. शुद्धीवर आहेत. आधी एवढं वाच, मग पुढचं.

मी त्यांच्याकडे कामाला लागलो हे तुला ठाऊक नसेल. कॉलेज अर्धवट सोडल्यावर घरात कुणी धड बोलेना, आणि खरं सांगू, तू नाहीस तर निदान तू वाढलीस ती जागा तरी, असं वाटलं. तुझे बाबा म्हणाले, टोमॅटोला पाणी घाल आणि तोंडाला कुलूप लाव. पहिलं जमलं.

काचघरातली रोजची सकाळ तुला माहीतच आहे. छपराच्या झडपा मिटायच्या, गॅसची शेगडी पेटवायची, तिचा कार्बन डायऑक्साइड पानं ओढून घेणार आणि ऊन-पाण्याबरोबर त्याची साखर करणार. बाबा त्याला झाडांची न्याहारी म्हणतात. एवढ्या जाड वेली मातीतून नाही, बहुतेक हवेतूनच उभ्या राहतात हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उडालोच होतो. पण ऊन नसेल तर पान काही ओढत नाही, वायू आतच साचतो आणि माणूस गुदमरतो. म्हणून आभाळ भरलं की शेगडी बंद, झडपा उघड्या. हा नियम त्यांचाच.

काल सकाळपासून अंधारून आलं होतं. आणि त्यातच आमचं जुंपलं. मी बोलून गेलो की मी तुला आणायला जाणार. ते म्हणाले, तिनं बोलावलंय का तुला? मी पाण्याची झारी आपटली आणि तरातरा निघून गेलो. माझं डोकं तुला माहीत आहे. त्यांचंही तसंच निघालं गं. रागाच्या भरात त्यांनी सवयीनं झडपा मिटल्या, शेगडी लावली आणि आतच वेली बांधत बसले.

सायकलची किल्ली विसरलो म्हणून परत आलो, तर काचा आतून घामेजलेल्या. हाक मारली, ओ नाही. लाथेनं काच फोडली. ते वाफ्यात आडवे, हातात सुतळी तशीच. आणि वेली हिरव्यागार, टवटवीत. त्या हिरवेपणाची मला अजून भीती वाटतेय.

डॉक्टर म्हणतात धोका टळलाय, पण काही दिवस नजरेखाली ठेवावं लागेल. तू का गेलीस हे मी त्यांना कधी विचारलं नाही. तुला पाठवलेली त्यांची पत्रं न उघडता परत येतात, एवढं पोस्टमनकडून कळलं होतं. आज दवाखान्यात त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून बोटानं जवळ बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. म्हणाले, "तिला लिही. तुझं उघडेल ती."

म्हणजे आपलं सगळं त्यांना माहीत होतं, काल मी बोलून जाण्याआधीच, पहिल्या दिवसापासून. ठिणगी, माझ्यासाठी नको येऊस. पण ये.

तुझाच,
भडकू