शांत झालं तरी दार उघडू नकोस

प्रिय चिमणे,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतेय. किनाऱ्यावरच्या लोकांना आणायला जाणारी ही शेवटची बस. सकाळच्या फेरीला तू त्याला दारातूनच परत पाठवलंस म्हणे, वर चहाही पाजलास. सासूबाईंचे गुडघे पुढे करू नकोस, त्यांना उचलायला दोन माणसं पाठवतेय. तू कशासाठी थांबली आहेस ते मला चांगलं ठाऊक आहे. फोन कालपासून बंद पडलेत म्हणून लिहितेय, नाहीतर तोंडानंच चार शब्द सुनावले असते.

परवापासून मी घरी गेलेले नाही. वेधशाळेत टेबलावरच डोकं टेकते, उठले की पडद्यावर वादळाचं तेच चित्र. काल सकाळपर्यंत नुसता पांढरा गोळा होता. मग मधोमध एक काळा ठिपका उमटला. वादळाचा डोळा उघडला की समजायचं, ते आता पुरतं भरात आलंय.

शाळेच्या मैदानातलं ते लोखंडी चक्र आठवतं? मी ढकलायची, तू कडेवरून मधल्या खांबाकडे सरकायला बघायचीस, आणि वेग वाढला की तुला आत जाताच यायचं नाही. वाऱ्याचं तसंच होतं. सगळीकडून तो मध्याकडे धावतो, पण गरगर इतकी वाढते की शेवटपर्यंत पोचतच नाही. तिथूनच वर चढतो आणि ढगांची गोल भिंत उभी राहते. सगळ्यात भयंकर वारा त्या भिंतीत. वर गेलेली थोडी हवा मधल्या पोकळीत खाली उतरते, उतरताना तापते, कोरडी होते, ढग विरतात. खाली उभ्या माणसाला निळं आकाश दिसतं, पक्षीसुद्धा दिसतात. ते बिचारे आत अडकलेले असतात.

हे सगळं मी मागच्या वादळानंतर तुमच्याकडे जेवायला आले तेव्हाही सांगितलं होतं. ऐकतंय कोण. तुझा खलाशी त्या मधल्या शांततेतच बोट घेऊन धक्क्याला लागला होता, त्यामुळे त्या दिवशी तोच मोठा शास्त्रज्ञ. गॅलरीत तू बांधलेली पिवळी चादर लांबून दिसली आणि तिच्या रोखानं आलो, हे त्यानं दहादा सांगितलं. वादळ माझ्यासाठी थांबलं, म्हणाला. तू त्याला वाढता वाढता हसत होतीस. मीही हसले. मला तो फार आवडायचा, पण तोंडावर कधी म्हटलं नाही, डोक्यावर चढून बसला असता.

म्हणून मला कळतं तुझ्या मनात काय आहे. या वेळीही तो समुद्रात आहे, वारा थांबला की तू ती चादर घेऊन धक्क्यावर जाणार. पण चिमणे, ते वादळ नरम होतं, डोळा ऐसपैस होता, आणि बोट बंदराच्या तोंडाशीच होती. हा डोळा लहान आहे आणि आणखी आवळत चाललाय. डोळा आकसला की वारा चेकाळतो. मधली शांतता धक्क्यावर जाऊन परत यायलाही पुरणार नाही. मग वारा उलट्या बाजूनं येईल, एकदम, पुऱ्या जोरानं. आधी दीपगृहाकडून, नंतर बाजाराकडून. बसमध्ये बसलीच नाहीस तर निदान एवढं कर. आधी दोघी बाजाराकडच्या स्वयंपाकघरात बसा. शांत झालं की सासूबाईंना ओढत का होईना दीपगृहाकडच्या पुढच्या खोलीत ने, आणि दाराला हात लावू नकोस.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. काल सकाळी फोनवर मी म्हटलं की तो कुठल्यातरी बंदरात शिरला असेल. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. बोट कुठे आहे ते कळवणारं त्यांचं यंत्र दुपारपर्यंत चालू होतं. पडद्यावरचा त्यांचा ठिपका ढगांच्या भिंतीत शिरला आणि विझला. पलीकडे निघाला नाही. डोळ्यातही आला नाही, तेव्हापासून मी तिथेच बघतेय. आत्ता शोधायला कुणी जाऊ शकत नाही, आणि नंतर जातील ते जायचं म्हणून जातील. हे तुला जवळ बसवून सांगायला हवं होतं. पण आज सांगितलं नाही तर तू त्याला आणायला बाहेर पडशील. बसमध्ये बस, मला शिव्या द्यायला का होईना, ये. आणि नाहीच आलीस तर लक्षात ठेव. वारा थांबेल, लख्ख ऊन पडेल, दार वाजल्यासारखं वाटेल. तो नसेल.

तुझीच,
ताई