दोन बोटं अलीकडे

मंगळवार, संध्याकाळी सात. नायगाव.

जुईचा डावा गाल अजून सुजलेला आहे. बर्फ लावला, तो वितळला. आणखी काय करायचं, सुचत नाही.

जिल्ह्याच्या कराटे स्पर्धेत तिने दहावीतल्या तन्वीला हरवलं, तेव्हापासून शाळेत छळ चालू आहे. डबा ओढून घेणं, दप्तर जिन्यावरून फेकणं. आज जुई पहिल्यांदा उलटली. ठोसा मारला, सरळ, नाकाच्या रेषेत. आणि तो दोन बोटं अलीकडे थांबला.

म्हणजे मीच थांबवला. चार वर्षं दर रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये हेच घोटून घेतलं: चेहऱ्याला जोरात लागला तर गुण नाही, दोन बोटं अलीकडे थांब. धाकटी बहीण इतकं चोख शिकली, याचा मला अभिमान होता.

तन्वी हसली म्हणे. "पॉइंट कोण देणार गं? पंच आणलायस का?" आणि कानाखाली वाजवली. बाईंनी दोघींनाही सारखंच झापलं.

"ताई, मला खरं मारायला शिकव," जुई मघाशी म्हणाली. शिकवावं का? ठरवण्याआधीच मी तळवा पुढे धरला होता. तिने तीन ठोसे मारले. तिन्ही दोन बोटं अलीकडे थांबले. चौथ्या वेळी मीच तळवा पुढे रेटला.

ती दचकून मागे सरली. "सॉरी ताई, लागलं का?"

उद्या सातला तिची शाळा आहे.