ओशट हात

१२ जाने., सोम.
कॅल्गरीत बाहेर उणे चोवीस, सीट्रेन उशिरा. क्लिनिकमध्ये ऊब. पाच पेशंट. आधी आमच्या वैद्यबाई मोरी सेन्सेई मनगट, पोट, पाय हातांनी तपासतात, कागदावर लिहितात, कागद उपडा ठेवतात. मग त्याच जागांवर मी यंत्र टेकवते. कातडी गार की गरम, कोरडी की ओलसर, यावर त्यांचं जपानी औषध ठरतं. तापमान पाचही जणांचं जुळलं. ओलावा एकाचाही नाही. त्या लिहितात ओलसर, यंत्र म्हणतं कोरडी ठाक. गेला आठवडाही असाच.

१४ जाने., बुध.
परत तेच. चहा घेताना म्हणाल्या, "माय फिंगर्स आर फिनिश्ड, सुषमा-सान." किमोनंतर बोटांची टोकं बधिर आहेत, हे आज पहिल्यांदा सांगितलं. म्हणून ही पडताळणी. आकडे जुळले नाहीत तर मार्चअखेर क्लिनिक बंद करणार म्हणाल्या. चाळीस वर्षं या हातांवर...
यंत्र तीनदा तपासलं. चोख. वीस वर्षं तेल कंपनीत मीटरच तपासत होते, यंत्राचा राग आज पहिल्यांदा आला. फार वाईट वाटतंय.

१६ जाने., शुक्र.
चूक माझीच. लिहायचीही लाज वाटते.
ट्रक चालवणारे सरदारजी आले होते. सेन्सेईंचं तपासून झालं, मी यंत्र टेकवलं. मग त्या म्हणाल्या, "नॉट वेट. जित्तोरी. इन मराठी?" असे शब्द विचारायची त्यांना हौस. मी सरदारजींच्या हातावर बोट फिरवलं आणि म्हटलं, ओशट.
मग लक्षात आलं. दमट म्हणायला हवं होतं. ओशट तर माझा तळवा. रोज आंघोळ झाली की खोबरेल, नाहीतर कॅल्गरीत हात फुटतात. आणि यंत्र टेकवण्याआधी ती जागा तळव्याने पुसायची सवय. मध्ये तेलाचा थर आला की ओलावा कमीच दिसणार.
सांगायला जीभ रेटेना. जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. सेन्सेई बराच वेळ हसल्या, मग चष्मा काढून डोळे पुसले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
घरी नवऱ्याला सांगितलं. विलास: "ऑइल कंपनीने तुला ले-ऑफ उगाच नाही दिला."

१९ जाने., सोम.
तेल बंद. बोटांना भेगा. जागा पुसायला कापूस. पहिले तिघे जुळले! चौथा नाही, तो नुकताच चहा पिऊन आलेला. सेन्सेई म्हणाल्या, "मेबी हॉट टी. मेबी मी."
तरी दिवस मजेत गेला. सामोसे मागवले.

२ फेब्रु., सोम.
जुन्या सगळ्यांना परत बोलावून झालं. अकरांपैकी आठ जुळले. उरलेल्या तिघांना माझं तेल कारण नाही, चहाही नाही. तिघेही दुपारनंतरचे, त्यांची बोटं थकल्यावरचे. हे मी बोलले नाही, पण यादी त्यांच्याच हातात होती. बोटं एकेक करून चोळत बसल्या.
तेवढ्यात फोन. एका बाईंना एप्रिलची अपॉइंटमेंट हवी होती. मी फोनवर हात ठेवून सेन्सेईंकडे पाहिलं.
"मॉर्निंग," त्या म्हणाल्या.
एप्रिलचं पान उघडून मी दहाची वेळ पेनाने लिहायला घेतली.
"पेन्सिल, सुषमा-सान."