आईच्या दुर्बिणीला कॅमेरा

आई, तुझ्या दुर्बिणीला कॅमेरा लावता लावता मी मेटाकुटीला आले होते. कॅमेरा बसायचा, पण चित्र काही स्पष्ट व्हायचं नाही. जितका आत सरकवता येईल तितका सरकवला, तरी तारे जिलबीएवढे. तुझ्या आरशाने गोळा केलेला प्रकाश जिथे एकवटतो ती जागा दुर्बिणीच्या पाईपाला अगदी चिकटून पडायची. डोळ्याच्या भिंगाला ती पुरायची, कॅमेरा तिथवर पोचायचा नाही. चार बोटं बाहेर पडली असती तर काय बिघडलं असतं?

डोंबिवलीचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. मे महिना, तुझ्या शाळेला सुट्टी. मधोमध रिकामं पिंप उपडं घातलेलं, त्यावर काचेची जाड तबकडी, आणि तू दुसरी तबकडी तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरते आहेस. कुकर लावायचा राहिलाय, दादा भूक भूक करतोय, तू आपली फिरतेच आहेस. मी ओल्या काचेला बोट लावायला जाते. "हात लावू नकोस! एक कण गेला तरी ओरखडा पडेल, सगळी मेहनत वाया." पुढे आरसा तयार झाला, पाईपात बसला, तरी हात लावायची परवानगी मिळाली नाही. चंद्र बघायचा तो हात मागे बांधून. एकदा मी विचारलं, "आई, याचा फोटो काढता येईल?" तू म्हणालीस, "फोटो कॅलेंडरवर असतात. तू डोळ्यांनी बघ." विषय संपला. फिजिक्स शिकवणारी बाई तू, पाईप एवढा मोजून मापून कापलास, पण पुढे कुणाला वेगळं काही करावंसं वाटेल हे तुझ्या मनातही आलं नाही.

आता मी कोलशेतला राहते. मला हवा होता मृग नक्षत्रातला तेजोमेघ. डोळ्याला तो राखाडी धुरासारखा दिसतो, कॅमेऱ्यात बराच वेळ प्रकाश साठवला की गुलाबी होतो. त्यासाठी ताऱ्यांच्या मागोमाग फिरणारं मोटरचं स्टँड घेतलं. ते ध्रुवाकडे रोखावं लागतं, आणि ध्रुव समोरच्या नव्या टॉवरमागे. मग अंदाजाने लावा, तारे लांबट येतात, पुन्हा लावा. त्यात एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी टेरेसवर आले. "मॅडम, कम्प्लेंट आलीय. समोरच्यांना वाटतं तुम्ही त्यांच्या खिडक्यांत बघता." मी म्हटलं, "काका, तोंड कुठेय याचं ते तरी बघा!" त्यांनी वाकून कॅमेऱ्याला डोळा लावला. "यात तर काहीच दिसत नाही." सरळ होत म्हणाले, "मग कशाला एवढं?"

उपाय एकच होता. पाईप मागच्या बाजूने थोडा कापायचा, म्हणजे आरसा पुढे सरकतो आणि प्रकाश एकवटायची जागा बाहेर येते. दादाला फोन केला.

"आईचा पाईप कापणार? वेडी आहेस का गं? नवी दुर्बीण घे ना."

"आरसा चांगला आहे, दादा."

"मग राहू दे ना तशीच."

तू गेल्यापासून मी आणेपर्यंत ती त्याच्याच माळ्यावर चादरीत गुंडाळून पडली होती. तशीच म्हणजे कशी?

रविवारी सकाळी बाल्कनीत बसून पाईप कापला. त्याच आठवड्यात तेजोमेघ फोटोत आला. कडेचे तारे शेपटीवाले, टॉवरच्या दिव्यांनी आकाश तांबूस, पण मधोमध पंख पसरलेला गुलाबी ढग, इतका रेखीव की तुझा आरसा किती नेमका आहे ते मला पहिल्यांदा कळलं. त्याचाही रागच आला. फोटो तुला दाखवला असता, तरी तू आधी पाईपच बघितला असतास.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. दादाला मी सांगितलं की कापताना हात थरथरत होते. नव्हते थरथरत. पाईपाचा भुसा मांडीवर पडत होता आणि मला फार बरं वाटत होतं.