हात येऊन राह्यलाय

माय, तुला जाऊन इतकी वर्षे लोटली की तुझा आवाज आता प्रयत्नाने आठवावा लागतो. एक वाक्य मात्र आपणहून येते. वाटूरच्या घरी चुलीमागे गोवऱ्यांची रास असे आणि भर दुपारीही त्या कोपऱ्यात अंधार. विंचू तिथे नेहमीचेच. गोवरी ओढण्याआधी तू फुंकणीने रास ठोकायचीस आणि मोठ्याने म्हणायचीस, "सरका बाबांनो, हात येऊन राह्यलाय." मी पाठशाळेतून सुटीवर आलो होतो; चार श्लोकांचा ताठा अंगात होता. "माय, इच्चवाला मराठी समजती का?" असे मी विचारले. तू मान वर न करता म्हणालीस, "त्याला न्हाई शास्त्रीबुवा, मला समजती. तोंडानं म्हणलं की ध्यान बराबर हातासंगं जातं. न्हाई तं हात राशीत अन् ध्यान तुझ्या भुकेपाशी." पुढे आयुष्यभर मी अवधानावर प्रवचने केली. योग्याचे अवधान सांगितले, साधकाचे सांगितले; त्या राशीपाशी माझे विवेचन कधी आले नाही.

तुझी सून आता थकली आहे. डोळ्यांनी फारसे दिसत नाही, म्हणून तिची औषधे मीच देतो. साखरेच्या आजाराची गोळी दिवसातून एकदाच, सकाळी. दुसऱ्यांदा पोटात गेली तर साखर एकदम उतरेल आणि जिवावर बेतेल, असे जालन्याच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून बजावले होते. परवा देवापाशी सांजवात लावून मी नामावली म्हणत होतो आणि म्हणता म्हणताच गोळी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बोटांनी चाचपली. "अहो, ही लांबडी तं सकाळची. सकाळीच घेतली न्हाई का मी?" माझे नाम तोंडातच थांबले. ती मात्र हसत म्हणाली, "देवाचं नाव घेता घेता मलाच त्याच्याकडं धाडून राह्यले का?" मला हसता आले नाही. मी ती गोळी तिच्या तळहातावरून उचलून घेतली.

दोष नामाचा नव्हता, हे मी जाणतो. जीभ सवयीने चालली होती, हातही सवयीने. मी नामातही नव्हतो आणि हातातही नव्हतो. आता मी वेष्टन उजेडात धरतो, गोळीचे नाव मोठ्याने वाचतो आणि मगच ती तिच्या हातावर ठेवतो. "आता गोळीचं बी स्तोत्र का?" असे ती विचारते, आणि तरीही स्वतः एकदा चाचपून पाहतेच. ते योग्यच आहे.

येत्या एकादशीला जाफराबादच्या मंदिरात माझे प्रवचन आहे. श्रोते माझ्याच वयाचे, श्रद्धाळू. त्यांच्यासमोर एक गोष्ट उच्चारण्याचे धैर्य मला होत नाही, म्हणून कुठेही न पोहोचणाऱ्या या कागदावर लिहितो: गोळी देताना मी आता देवाचे नाव घेत नाही.